पट्ट्याचा जोड

मंगळवार, ४ फेब्रुवारी

टाचणे,

तुझा गेम मी पाहिला. भिकार आहे.

एवढंच सांगायला आई नऊ महिन्यांनी पत्र लिहिते, असं तुला वाटत असेल तर वाटू दे. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं बरं असतं, फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं. माझी शाळा चौथीत सुटली हे तुला माहीत आहे, तेव्हा अक्षर लावून वाच आणि चुका काढत बसू नकोस.

गेल्या सोमवारी वरच्या मजल्यावरचा ड्रायव्हर दुकानात आला. बस चालवतो तोच, जिन्यात शीळ घालत उतरणारा. दर वर्षी तुझे बाबा त्याच्या पँटी कमरेत इंचभर वाढवून द्यायचे. पँटच आणली असेल म्हणून मी गळ्यातली टेप काढली, तर त्याच्या हातात खोकं. आत एक काळी पेटी, वायरी आणि दोन्ही हातांनी धरायचं ते बटणांचं यंत्र. म्हणाला, हे तुमच्याकडे राहू द्या, घरात दिसलं की डोकं फिरतं. मी म्हटलं, हे शिंप्याचं दुकान आहे, भंगाराचं नाही. तो स्टुलावर बसलाच.

मग त्यानं जे सांगितलं ते ऐक, तुमच्या ऑफिसात तुला कोणी सांगणार नाही. हा माणूस एकोणीस वर्षं एकच मार्ग चालवतो. बेचाळीस थांबे. कुठल्या थांब्यावर कोण चढणार, कोण सुट्ट्यावरून भांडणार, सगळं पाठ. सहा वर्षांपूर्वी त्यानं तुमची जाहिरात पाहिली. हजारो ग्रह, एकासारखा दुसरा नाही, जाल तिथं तुमच्याआधी कोणी गेलेलं नसेल. तेव्हापासून तो वाट बघत होता. तुम्ही तारीख दोनदा पुढे ढकललीत, तो थांबला. गेम आला त्या दिवशी आठ दिवसांची रजा टाकली, बायकोला माहेरी पाठवलं आणि बसला. तिसऱ्या दिवशी त्याच्या लक्षात आलं की नव्या ग्रहावरचा दगड जुन्या ग्रहावरचाच आहे, रंग तेवढा वेगळा. माणसं तीच, वाक्यं तीच. एक चार पायांचा प्राणी भिंतीत तोंड घालून चालतच राहतो, चालतच राहतो. उरलेली रजा रद्द करून तो चौथ्या दिवशी ड्युटीवर गेला.

"बाई," मला म्हणाला, "थांबे सुटावेत म्हणून मी तिकडं गेलो होतो. तिथंही थांबेच निघाले."

त्यानंतरही सात-आठ महिने तो आशा धरून होता. तुमच्या कंपनीनं माफी मागितली, काहीबाही सुधारून पाठवलं, हा पुन्हा लावून बघायचा, दगड तोच. शेवटी खोकं माझ्या गळ्यात. ज्यांनी हा बनवला त्यांना माझ्या बसमध्ये बसवून रोज बेचाळीस थांबे फिरवलं पाहिजे, असंही म्हणाला. त्यातले आवाज माझ्या पोरीनं केलेत हे मी बोलले नाही. का बोलले नाही ते विचारू नकोस. त्याची एक पँट आधीची पडून होती, तिला मात्र मी कमरेत अर्धा इंच कमी सोडला.

खोकं चार दिवस कोपऱ्यात होतं. पाचव्या दिवशी मी ते दुकानातल्या टीव्हीला जोडून घेतलं. बटणांवरच्या खुणा मला कळत नाहीत, म्हणून ड्रायव्हरला विचारून प्रत्येकावर कापडाचा ठिपका चिकटवला. लाल म्हणजे उड, हिरवा म्हणजे उतर, पिवळा म्हणजे दुरुस्ती. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक नसतं, तेव्हा बसते.

त्या अंतराळातल्या माणसाचा पोशाख कोणी बेतला? काखेत कळीचा जादा तुकडा नाही. हात वर केला की टरकन फाटला पाहिजे. आणि तुमचं आकाश. डावीकडे एके ठिकाणी उभी रेघ दिसते, तिथं दोन तुकडे जोडलेत आणि नक्षी जुळवलेली नाही. तुझ्या बाबांनी चौकड्याच्या शर्टाचा खिसा कधी रेघ न जुळवता लावला का? तुम्ही आकाशाची जुळवली नाहीत.

पण मी हे बघायला बसले नव्हते. कशासाठी बसले ते तुला माहीत आहे. अजून मला यान उडवता येत नाही. जमलं की लिहीन.

आई


बुधवार, १२ फेब्रुवारी

टाचणे,

यान उडालं.

पहिले काही दिवस नुसतं आपटत होतं. आपटलं की पत्रा खरचटतो, काळा डाग पडतो. डाग पडला की मी पिवळं दाबते. दुरुस्तीला धातू लागतो, तो दगड फोडून मिळतो, तर मी तीन दुपारी निव्वळ दगड फोडले. डागाळलेल्या यानात बसून मी कुठे जाणार नाही. फाटकं घालून मी कोणाला आपल्या दुकानाबाहेरही पडू दिलेलं नाही.

काल दुपारी नीट वर गेलं. खालची जमीन बारीक झाली, सगळं काळं झालं आणि इंजिनाचा आवाज भरून आला. मी हात मांडीवर ठेवले. बाबांचं मशीनच होतं ते. पायानं फळी दाबली की चाक जरा हुंकार देतं आणि मग सुरात येतं, तसंच.

तो दिवस तुला आठवतो ना. दोन वर्षांपूर्वी तू आलीस, तो केसाळ टोपी घातलेला माईक मशीनच्या पायाशी ठेवलास आणि आम्हाला हलू दिलं नाहीस. पंखा बंद, नळ बंद, मला खोकायची बंदी. मी काजं करत बसले होते, तर सुई कापडातून ओढल्याचा आवाज येतो म्हणून तू मला घरात हाकललंस. बाबांनी दोरा न घालता चिंधीवर तासभर सरळ टीप मारली. घामाघूम झाले. थांबल्यावर म्हणाले, "पोचलो का गं?"

मग जो येईल त्याला तेच. आमचं मशीन अंतराळात जाणार आहे. बाहीचं माप घेता घेता सांगायचे. लोक हसायचे, तेही हसायचे. तुम्ही तारीख पुढे नेलीत की कॅलेंडरवरची खडूची फुली ते पुढच्या महिन्यात नेऊन ठेवायचे. मी एकदा म्हटलं, पोरीला म्हणावं उरक आता. तर म्हणाले, टीप अर्धी टाकून उठायचं नसतं. हे त्यांचं नेहमीचं. दारात कोणी येवो, ताटात वाढलेलं थंड होवो, हातातली टीप पुरी झाल्याशिवाय उठले नाहीत कधी. उठलं की पुन्हा बसताना रेघ हलते म्हणायचे.

तर मी काल ऐकलं, आज पुन्हा ऐकलं. टिक नाही.

तुला सांगायला नको, तरी सांगते. चामड्याचा पट्टा सैल पडला की तो कापून तारेच्या कडीनं पुन्हा जोडायचा. आपल्या पट्ट्याला तसा जोड होता. कडी वरच्या चाकावरून गेली की टिक. दर फेरीला एक. पाळण्यात असताना तू त्यावर झोपायचीस, मशीन थांबलं की रडायला लागायचीस. मी त्यांच्यासमोर बसून सव्वीस वर्षं काजं केली, सव्वीस वर्षं ती टिक ऐकली. कोणी डोळे बांधून दहा मशीनं चालवली तरी आपलं मी सांगितलं असतं.

तुझ्या यानात ती नाही. सगळं कसं मऊ, गोड, घरघर करत चाललंय. तू ती पुसलीस. खोड वाटली असेल. माणूस गेलं आणि तू त्याच्यावर इस्त्री फिरवलीस.

मे महिन्यात दवाखान्यात शेवटचे पंधरा दिवस ते दाराकडे बघत होते. तुला काम होतं. काम म्हणजे हे?

आई


रविवार, २३ फेब्रुवारी

टाचणे,

उत्तर नाही. मी पण तुला कधी सोपं उत्तर दिलं नाही, तेव्हा चालायचंच.

ड्रायव्हर भांडायला आला होता. पँट बसल्यावर पोटात रुतते, बस चालवताना श्वास कोंडतो म्हणाला. मी म्हटलं, आण, सोडते. सोडता सोडता सांगून टाकलं की तुझ्या त्या गेममधले आवाज माझ्या पोरीचे आहेत. मला वाटलं आता हा उठून जाईल. तर म्हणाला, तिला सांगा, आवाजाबद्दल माझी तक्रार नाही. एका ग्रहावर वारा आहे, तो ऐकायला मी शेवटपर्यंत कधी कधी जायचो. मग म्हणाला, तुमची पोरगी बरी आहे ना, लोकांनी फार शिव्या घातल्या त्या मंडळींना. मी म्हटलं, बरी आहे. मला काय माहीत तू बरी आहेस की नाही.

त्यानं आणखी एक सांगितलं. पुढच्या महिन्यात तुमची मोठी सुधारणा येणार आहे, सगळ्या खोडी काढून टाकणार. त्याचे डोळे पुन्हा चमकायला लागलेत. खोकं परत मागायला लाजतो म्हणून इथं येऊन बघतो.

आज रविवार. हा तुझा फोनचा वार. आपण दोघी दोन मिनिटं बोलायचो आणि तू म्हणायचीस, बाबांना दे. झोपलेत, असं मी सांगायचे. झोपलेलेच असायचे बहुतेक वेळा.

ते गेले त्या दिवशी तू आलीस तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. सगळ्यांसमोर मी तुला विचारलं, झालं का काम? तू त्यांच्या पायाला हात लावलास आणि उभ्या उभ्या परत गेलीस. पाणीसुद्धा प्यायली नाहीस. लोक मला म्हणाले, बरं सुनावलंत. मलाही तेव्हा बरंच वाटलं.

दुकान बरं चाललंय.

आई


गुरुवार, ६ मार्च

टाचणे,

तुझं पत्र मिळालं. पाकीट एवढं मोठं, आत दोन ओळी.

"टिक आहे. मी काढलेली नाही, नीट ऐक. आणि बाबा आजारी आहेत हे मला कोणी सांगितलं होतं का, आई?"

आधी टिकेचं बोलू. नाही. मी रोज दुपारी ऐकते. वर जाताना ऐकते, उतरताना ऐकते, नुसतं उभं करून ऐकते. टीव्हीला कान लावून ऐकलं, समोरचा चहावाला बघून हसला. नवीन ग्रहावर गेले, तिथं ऐकलं. सतरा ग्रह झाले माझे. ड्रायव्हर म्हणतो, माझे तिसऱ्या दिवशी सतरा झाले होते. त्याला काय, तो उतरत नाही, नुसता थांबा घेतो.

माझं यान बघशील तर डोळ्यांत भरेल. एक ओरखडा नाही. सतरा ग्रह फिरूनही कोरं करकरीत. एवढ्या सांभाळलेल्या यानात तुझी ती टिक असती तर मला सापडली असती. तू खोटं बोलतेस असं मी म्हणत नाही. तुझ्या ऑफिसातल्या कोणीतरी तुझ्या मागे पुसली असेल, तुला माहीत नसेल. जाऊन विचार.

दुसऱ्या प्रश्नाचं नंतर लिहीन. आज काम आहे.

आई


मंगळवार, ११ मार्च

टाचणे,

सापडली.

आज ड्रायव्हरची सुट्टी होती. दुपारी आला, स्टुलावर बसला, माझ्याकडे बघत राहिला. मी धुळीतून जरा घसटून गेले, खाली उतरले, पिवळं दाबलं, डाग गेला, पुन्हा निघाले. तो म्हणाला, बाई, हे काय करता? मी म्हटलं, दुरुस्ती. म्हणाला, एवढ्याशाला? म्हटलं, एवढंसं असतानाच करायची असते, पुढे भगदाड पडतं. तो म्हणाला, कोणी करत नाही हो. माझं यान पहिल्या दिवसापासून चेपलेलं आहे, त्यातच फिरलो मी सगळीकडे. तुमचं हे शोरूममधून काढल्यासारखं दिसतंय.

मी त्याला सांगितलं मी काय शोधते ते. मशीन, पट्टा, कडी, टिक, सगळं. त्यानं ऐकून घेतलं आणि यंत्रासाठी हात पुढे केला. मी दिलं. गेला तो थेट दगडांच्या पावसात. बस चालवतो तसंच चालवतो, कोणाला जुमानत नाही. दाणदाण दगड बसले. पत्रा उचकटला, एका बाजूनं धूर निघाला, पडद्याच्या कडा लाल झाल्या. मी पिवळ्याकडे हात नेला, त्यानं कोपरानं बाजूला सारला.

"थांबा," म्हणाला. "दोन मिनिटं मोडकं राहू द्या."

आणि टिक.

चाकाच्या एका फेरीला एक. मध्ये तेवढंच अंतर. तारेची कडी, लोखंडी चाक, आपलं दुकान, दुपार. ड्रायव्हर म्हणाला, हां, हा खडखडाट होय, यान मोडायला आलं की तो सुरू होतो, धोक्याची खूण आहे ती, मला वाटलं तुम्ही दुसरं काही म्हणता. मी त्याला गप्प बस म्हटलं. तो मग उठून बाहेर जाऊन उभा राहिला, चांगला माणूस आहे.

म्हणजे तू ती काढली नव्हतीस. जिथं यान मोडायला आलंय आणि तरी चाललंय, तिथं तू ती ठेवलीस. आणि मी दर ओरखड्याला पिवळं दाबून स्वतःच स्वतःला ऐकू दिली नाही. सतरा ग्रह.

आता पट्ट्याचं ऐक. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. ते गेल्यावर सहाव्या दिवशी एका बाईचं काम घ्यावं लागलं. मी त्यांच्या जागेवर बसले, फळी दाबली, टिक झाली. माझ्यानं पुढची टीप मारवेना. बाईला म्हटलं, मशीन बिघडलंय, उद्या या. मशीनवाल्याला बोलावलं आणि नवा रबराचा पट्टा बसवून घेतला. अखंड, जोड नसलेला. जुना तो नेत होता, त्याच्याही हातात दिला नाही. कडीसकट कचऱ्यात टाकला आणि कचऱ्याची गाडी जाईपर्यंत दारात उभी राहिले, मीच परत काढीन या भीतीनं.

तुला लिहिलं, तू पुसलीस. पुसली मी. आता ती या जगात तुझ्या त्या भिकार गेमशिवाय कुठेच नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर उद्या लिहिते. उद्या म्हणजे उद्याच.

आई


बुधवार, १२ मार्च

टाचणे,

कोणी सांगितलं नव्हतं. कोणी म्हणजे मी.

मार्चमध्ये त्यांच्या छातीत पाणी झालं, तेव्हा तुला सर्दी म्हणून सांगितलं. एप्रिलमध्ये थकवा. मे महिन्यात ते घरी नव्हतेच. मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून तुझा फोन घ्यायचे आणि सांगायचे, झोपलेत. एका रविवारी मागून औषधांची ढकलगाडी गेली. तू विचारलंस, हा कसला आवाज? मी म्हटलं, शेजारचे सामान हलवतायत. तू पंख्याच्या आवाजावरून घर ओळखणारी पोरगी, आणि तू माझं खरं मानलंस. ते मला अजून खातं.

त्यांनी मला दोनदा सांगितलं, टाचणीला बोलाव. दोन्ही वेळा मी म्हटलं, बोलावलंय, तिला काम आहे, येते म्हणाली. त्यांच्याशी खोटं, तुझ्याशी खोटं, मध्ये मी.

का, ते तू विचारणार. मी रोज विचारते. गेम चार दिवसांवर, चार आठवड्यांवर, सारखं तेच तुझ्या तोंडात असायचं. मला वाटायचं, हाक मारल्यावर कोणीही येतं, हिनं न बोलावता यावं. माझ्या आवाजावरून हिला कळावं. मला बघायचं होतं, गेम जड की आम्ही. तराजूत काय ठेवलंय हे तुला माहीतच नव्हतं, आणि मी काटा बघत बसले. शेवटच्या दिवसापर्यंत वाटत होतं, अजून वेळ आहे, उद्या आली नाही तर परवा बोलावते. परवा आलाच नाही.

आता ते काय म्हणाले तेही लिहिते. ही तुझी वस्तू आहे, मी दहा महिने दाबून ठेवली. दुसऱ्यांदा मी म्हटलं तिला काम आहे, तेव्हा ते म्हणाले, "बरोबर आहे तिचं. टीप अर्धी टाकून उठायचं नसतं." आणि मला म्हणाले, तू तिच्यावर रागावू नकोस. दाराकडे बघत होते असं मी लिहिलं, ते खरं आहे. पण रागानं बघत नव्हते. टीप पुरी करून कोणी उठेल, तसं बघत होते.

त्यांना तू आली नाहीस असं वाटलं. ते तसंच वाटून गेले. याला काही दुरुस्ती नाही. मी पिवळं कितीही दाबलं तरी नाही.

हे पत्र फाडलंस तर मला कळव, म्हणजे पुन्हा लिहिते.

आई


गुरुवार, २० मार्च

टाचणे,

आठ दिवस झाले. तुझं काही आलं नाही, येईल असं मी धरूनही चालले नव्हते. पण आता एक अडचण आली आहे आणि ती तुझ्याशिवाय सुटणारी नाही.

तुमची मोठी सुधारणा आली. सोमवारी टीव्ही लावला तर पडद्यावर चौकट. ड्रायव्हरनं वाचून दाखवलं. नवे ग्रह आहेत, नवी माणसं आहेत, तो प्राणी आता भिंतीतून बाहेर आलाय. वाचता वाचता तो टीव्हीच्या अगदी जवळ सरकला. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की यानाचे सर्व आवाज नव्यानं स्वच्छ केले आहेत. मी त्याला ती ओळ तीनदा वाचायला लावली. शेवटी दोन बटणं, हो आणि नंतर. हो म्हटलं की जुनं जातं, परत येत नाही. मी नंतर दाबलं. आता रोज दुकान उघडलं की ते मला विचारतं, आणि रोज मी नंतर दाबते.

स्वच्छ कोणी केलंय, तू की दुसऱ्या कुणी? टिक ठेवली आहे का? स्वच्छ करणाऱ्या माणसाला ती कडी मळ वाटेल. मलाही वाटली होती.

ड्रायव्हर रोज कामावरून सुटला की डोकावतो. विचारत नाही, फक्त टीव्हीकडे बघतो. मी म्हटलं, तुझी पेटी आहे, ने. त्याला नवे ग्रह हवेत, सहा वर्षं हवे होते, मला दिसतं. तो म्हणाला, एवढी वाट बघितली, आणखी थोडी बघेन. तुमची पोरगी काय म्हणते ते आधी कळू द्या.

यान मी दुरुस्त केलेलं नाही. एका ग्रहावर उभं आहे, फाटलेल्या पत्र्यासकट, कडा लाल. आणखी एक दगड बसला तर संपेल, म्हणून उडवत नाही. सकाळी चालू करते आणि शेजारी मशीनवर बसते. माझ्या नव्या पट्ट्याचं मशीन मुकाट फिरतं, टीव्हीतलं टिक टिक करतं. काल एका गिऱ्हाइकानं विचारलं, हा कसला आवाज? मी म्हटलं, आमचं मशीन आहे, अंतराळात गेलंय. ती हसली. मी हसले नाही, पण बरं वाटलं.

तर हो म्हणू की नंतर, ते तू सांगायचंस. लिहून पाठवू नकोस, मला वाचायला वेळ लागतो आणि वाचता वाचता माझं डोकं फिरतं. इथं बसून, ऐकून सांग. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, टीव्हीसमोर बस आणि बोटानं दाखव. स्टूल मी रिकामं करून ठेवलंय, ड्रायव्हर उभा राहील.

तेव्हा मी बोलावलं नव्हतं. आता बोलावते. हातात टीप असेल तर ती पुरी कर, आणि ये.

आई